मुंग्यांचा योगक्षेम

मराठींत ‘पाळणें’ हें क्रियापद दोन निरनिराळ्या कामीं वापरलें जातें. आपण गाय पाळतों, मांजर पाळतों, पोपट पाळतों. आणि शब्दही पाळतों, व्रत पाळतों, वेळ पाळतों. प्रथमदर्शनीं हे दोन अर्थ परस्परांपासून दूरचे वाटतात. परंतु थोडा विचार केला असतां त्यांचें मूळ एकच आहे असें दिसून येईल. एकदां पत्करलेलें मध्येंच टाकून न देणें, हें दोहोंचें सार. गाय बांधणें निराळें आणि गाय पाळणें निराळें. दावें गळ्यांत अडकविलें कीं गाय बांधली जाते. पण तिचें चारापाणी, तिचें दुखणें आणि तिचीं भाकड वर्षें या सर्वांचा भार अंगावर घेतल्याखेरीज ती पाळली असें कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाहीं. भाषेनें आपल्या नकळत येथें एक नीतितत्त्व सांगून ठेविलें आहे. तें तत्त्व गाईपर्यंत आपणां सर्वांना मान्य असतें. मुंगीपर्यंत तें पोंचतें कीं नाहीं, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ तर्काच्या करमणुकीसाठीं काढलेला नाहीं. मुंबईसारख्या शहरांत, जेथें कुत्रें पाळावयाचें म्हटलें तर सोसायटीची सभा भरते आणि मांजर पाळावयाचें म्हटलें तर शेजारीण रुसते, तेथें अलीकडे कांहीं हौशी तरुण मुंग्या पाळूं लागले आहेत. काचेची एक नळी, थोडा कापूस, थोडें पाणी आणि एक राणी, एवढ्या सामग्रीवर हा संसार मांडतां येतो. दादरच्या किंवा लालबागच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांतही त्याला जागा पुरते. अशा नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणती मुंगी निवडावी आणि ती कोठून मिळवावी? हा प्रश्न तो बाजारहाटाच्या भाषेंत विचारतो, आणि त्याला उत्तरही बहुधा त्याच भाषेंत मिळतें. मला वाटतें, हा मुळांत नीतीचा प्रश्न आहे. इतर पाळीव जनावरांच्या बाबतींत तें कोठून आणलें यापेक्षां तें कसें ठेविलें याकडे आपण अधिक पाहतों. मुंगीच्या बाबतींत मिळविण्याच्या रीतींतच पुढच्या बऱ्यावाइटाचा निम्मा निकाल लागून गेलेला असतो.

मुंगीशीं आपल्या घरांचा संबंध आजचा नव्हे. मनुस्मृतींत गृहस्थाच्या घरांतील पांच वधस्थानें मोजून सांगितलीं आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पांच ठिकाणीं गृहस्थाच्या हातून न कळत जीवहत्या होते, आणि त्या दोषाच्या परिहारार्थ त्यानें रोज पंचमहायज्ञ करावे. त्यांतील भूतयज्ञांत कुत्र्याकावळ्यांबरोबर कृमिकीटकांसाठींही अन्नाचा भाग जमिनीवर ठेवावयाचा असतो. येथें शास्त्रकारांनीं केरसुणी टाकून द्या असें सांगितलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. घर झाडावें लागणार, झाडतांना मुंगी मरणार; तें मनुष्यानें ओळखून असावें आणि त्याचें कांहीं देणें लागतों असें मानावें, एवढीच त्यांची मागणी. भुलेश्वर-गिरगांवच्या गल्ल्यांत झाडाच्या बुंध्याशीं साखर मिसळलेली कोरडी कणीक टाकणारा गृहस्थ तेंच देणें फेडत असतो. या सर्व व्यवहारांत मुंगी आपली शेजारीण असते. ती आपल्या घरांत येते, मार खाते, साखर नेते आणि आपल्या वारुळांत परत जाते. आपण नसलों तरी तिचें चालतें. नळींत ठेवलेल्या मुंगीची गोष्ट अगदीं निराळी आहे. आपण नसलों तर तिचें चालत नाहीं. केरसुणीच्या पापाचें शास्त्र आपल्याजवळ आहे, नळीचें नाहीं. तें आपलें आपणच शोधावें लागेल.

मुंग्या काचेंत ठेवून पाहण्याची विद्या युरोपांत वाढली. इंग्लंडांतील सर जॉन लबक हे पेढीवाले, पार्लमेंटचे सभासद आणि निसर्गाचे अभ्यासक; त्यांनीं काचेच्या दोन तावदानांमध्यें मातीचा पातळ थर देऊन त्यांत मुंग्यांच्या वसाहती वर्षानुवर्षें सांभाळल्या आणि १८८२ सालीं आपलीं निरीक्षणें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. त्यांच्याजवळची एक राणी जवळजवळ पंधरा वर्षें जगून १८८८ सालीं मेली. याच सुमारास मुंबईंतही निसर्गाच्या अभ्यासाला तोंड लागलें. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियममध्यें आठ गृहस्थांनीं जमून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्या आठांत प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपल्यांतले होते. साताऱ्यास जन्मलेले ई. एच. एटकेन हेही संस्थापकांपैकींच; घरांत व अंगणांत आढळणाऱ्या जीवांवर त्यांनीं लिहिलेल्या विनोदी पुस्तकांत मुंग्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पुढें जंगलखात्यांतील रॉटन यांनीं १८९२ सालीं सोसायटीच्या नियतकालिकांत ‘आमच्या मुंग्या’ अशा अर्थाच्या मथळ्याखालीं लेख लिहिले, आणि आपण गोळा केलेले नमुने फोरेल या स्विस पंडिताकडे धाडले. आज हिंदुस्थानांत आठशेंहून अधिक प्रकारच्या मुंग्यांची नोंद झाली आहे, तिचा पाया अशा मंडळींनीं घातला. परंतु नमुना गोळा करणारा आणि वसाहत पाळणारा यांत एक भेद आहे. टांचणीवरची मुंगी एकदां मेली कीं तिचा हिशेब संपला; तिच्या मरणाच्या मोबदल्यांत ज्ञान आलें कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. जिवंत वसाहतीचा हिशेब ज्या दिवशीं ती घरीं आणली त्या दिवशीं सुरू होतो.

तर मग मुंगी पाळणारा नेमकें काय घरीं आणतो? एक सुटी मुंगी आणून वसाहत होत नाहीं. कामकरी मुंग्या सर्व माद्या. बहुतेक जातींत त्यांना प्रजा वाढवितां येत नाहीं, आणि त्यांचें आयुष्यही फार नसतें. वसाहतीचें सारें भवितव्य एका अंडीं घालणाऱ्या मादींत असतें. तिला आपण राणी म्हणतों, वस्तुतः ती कोणावर राज्य करीत नाहीं. पावसाच्या सुमारास वारुळांतून पंख असलेल्या माद्या आणि नर बाहेर पडतात, हवेंत त्यांचा संयोग होतो आणि नर थोड्याच अवधींत मरतात. मादी जमिनीवर उतरते व स्वतःचे पंख स्वतःच तोडून टाकते. आपल्याकडे ‘मुंगीला पंख फुटले’ असें म्हटलें कीं तिचा काळ जवळ आला असें समजतात. ही म्हण नराच्या बाबतींत तंतोतंत खरी आहे. मादीच्या बाबतींत ती अर्धीच खरी. कारण तिचे पंख मरणासाठीं फुटलेले नसून घर सोडण्यासाठीं फुटलेले असतात, आणि घर सोडून झालें कीं तिला त्यांची गरज उरत नाहीं. त्यानंतर मुंगळ्यासारख्या जातींतील राणी जमिनींत एक लहानशी पोकळी करून तिचें दार आंतून बंद करते. पहिल्या कामकरी मुली बाहेर येईपर्यंतच्या कित्येक आठवड्यांत ती अन्नाला शिवत नाहीं. उडण्याचे जे स्नायू आतां निरुपयोगी झाले, ते तिच्या शरीरांतच विरघळतात आणि त्या सांठ्यावर ती पहिल्या अळ्यांना पोसते. पंख गेले, पंखांचें बळही मुलींच्या पोटांत गेलें. अशा अवस्थेंतल्या जीवाला उचलून आपण नळींत घालतों. म्हणजे एका मुंगीबरोबर अजून न जन्मलेल्या हजारों मुंग्या आणि पुढचीं दहापंधरा वर्षें आपण उचललेलीं असतात. युरोपांतील काळ्या बागमुंगीची एक राणी तर बंदिवासांत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

हें ध्यानीं घेऊन मिळविण्याच्या निरनिराळ्या रीती तपासूं.

पहिली रीत वारूळ उकरण्याची. ती उतावळ्यांची रीत होय. झाडाच्या मुळाशीं मुंगळ्यांची ये-जा दिसली कीं कुदळ घालावी आणि राणी काढून घ्यावी असा हा बेत असतो. राणी खोल असते, सांपडत नाहीं. सांपडली तर बहुधा दुखावलेली सांपडते. आणि न सांपडतांही शेंकडों अंडीं, अळ्या व कोष उन्हांत उघडे पडून जातात. आंब्यावर पानें शिवून घरटीं करणाऱ्या तांबड्या ओंबिलांची गोष्ट आणखी बोध घेण्याजोगी आहे. एकेका वसाहतीचीं अनेक घरटीं अनेक फांद्यांवर, कधीं अनेक झाडांवर पसरलेलीं असतात, आणि राणी त्यांतल्या एखाद्याच घरट्यांत असते. दिसलें तें घरटें तोडून आणणारा माणूस बहुधा राणीवांचूनचा गोतावळा घरीं आणतो. तो कांहीं काळ तडफडतो आणि संपतो. येथें कोणाला कांहींच मिळत नाहीं. चोरी करून ऐवज वाटेंत सांडून टाकणाऱ्या चोरासारखी ही स्थिति आहे.

दुसरी रीत नुसत्या कामकरी मुंग्या धरून ठेवण्याची. अमेरिकेंत १९५६ सालापासून प्लास्टिकच्या चौकटींतलें मुंग्यांचें एक खेळणें फार खपलें. तेथील कायद्याच्या निर्बंधांमुळें राणी टपालानें पाठवितां येत नसल्यानें त्यांत केवळ कामकरी मुंग्या देत. मुलें त्यांना बोगदे खणतांना पाहत, आणि कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं एकेक करून त्या मरत. या खेळण्यानें कित्येक मुलांना निसर्गाची गोडी लागली असेल. तें मी नाकारीत नाहीं. परंतु त्या मुंग्या खणत होत्या त्या घराला उद्यां नव्हता. उद्यां नसलेल्यांची धडपड करमणूक म्हणून पाहण्याची संवय लहानपणीं लागणें मला बरें वाटत नाहीं.

तिसरी रीत विकत घेण्याची, आणि आज ती सर्वांत सोपी झाली आहे. मुंग्यांचा बाजार ही गोष्ट तशी नवी नाहीं. चवथ्या शतकांतला म्हणून समजल्या जाणाऱ्या एका चिनी वनस्पतिग्रंथांत दक्षिण चीनमधील नारिंगांच्या बागांचें वर्णन आहे. तेथें किडीपासून फळें राखण्यासाठीं बागाईतदार तांबड्या मुंग्यांचीं घरटीं पिशव्यांत भरून विकत घेत आणि झाडांवर सोडीत. त्या मुंग्या झाडावर मोकळ्या राहत, आपल्या स्वभावाप्रमाणें शिकार करीत; माणसाचें काम व्हावें आणि मुंगीचेंही घर व्हावें असा तो सौदा होता. आजच्या बाजाराचें रूप कसें असतें तें २०२५ सालीं केनियांत दिसून आलें. नैवाशा येथें एका उताराघरांत बेल्जियमच्या दोघां तरुणांजवळ सुमारें ५,००० राण्या सांपडल्या. पाण्याच्या कापसाचा बोळा घातलेल्या दोन हजारांहून अधिक नळ्यांत त्या भरलेल्या होत्या. मे महिन्यांत न्यायालयानें त्यांना प्रत्येकीं दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा बारा महिने कैद सुनावली. तरुण एकोणीस वर्षांचे. आपण हौसेपायीं हें केलें आणि तो गुन्हा आहे हें ठाऊक नव्हतें असें त्यांचें म्हणणें. तें खरें मानलें तरी मुद्दा हालत नाहीं. पांच हजार राण्या म्हणजे पांच हजार वारुळें जमिनींत वसण्यापूर्वींच उचललीं गेलीं. धान्य गोळा करणाऱ्या त्या मुंग्या गवताचें बीं पसरवितात, माती खालवर करतात. त्यांच्या जाण्यानें तेथल्या जमिनीचेंही कांहीं जातें. आणि दूरच्या देशांतील घेणाऱ्याच्या हातीं मात्र एक नळी पडते, जिच्यामागें उरलेल्या नळ्या त्याला दिसत नाहींत. बाजाराचा हाच गुण आणि हाच दोष: तो वस्तु जवळ आणतो आणि तिची किंमत कोणी भरली तें दूर ठेवतो.

चौथी रीत वाट पाहण्याची. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागें मुंबईंत पाऊस येतो. पहिल्या सरी पडून गेल्यावर संध्याकाळीं रस्त्यावरच्या आणि जिन्यांतल्या दिव्यांभोंवतीं पंखवाल्या जीवांची झुंबड उडते. त्यांतल्या बहुतेक वाळव्या असतात, आणि नवशिका तेथेंच फसतो. वाळवीचे चारी पंख सारख्याच लांबीचे, मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे. वाळवीची कंबर जाड, मुंगीची सुतासारखी बारीक. वाळवीच्या मिशा सरळ, मुंगीच्या कोपरांत वांकलेल्या. हें ओळखतां आलें कीं मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत किंवा गिरगांवच्या एखाद्या वाडीच्या फरशीवर पंख टाकून एकटीच लगबगीनें आडोसा शोधणारी मुंगळ्यांची राणी दिसूं शकते. तिनें स्वतःचें जुनें घर सोडलेलें आहे, नवें अजून केलेलें नाहीं. तिला उचलण्यानें कोणतेंही वारूळ पोरकें होत नाहीं. तरीही खात्री नाहींच. पंख गेले म्हणजे संयोग झालाच असें नव्हे. न फळलेल्या अंड्यांतून मुंग्यांच्या जातींत फक्त नर निपजतात, आणि तें कळावयास कित्येक आठवडे जावे लागतात. वाट पाहणाऱ्याला कधीं दोन पावसाळे हात हालवीत परत यावें लागतें. विकत घेणाऱ्याच्या मानानें हा तोटा वाटेल. परंतु ज्याला दोन पावसाळे वाट पाहवत नाहीं त्याला पंधरा वर्षें सांभाळणें जमेल, यावर माझा विश्वास बसत नाहीं. मिळविण्याची ही रीत मिळविणाऱ्याचीच परीक्षा घेते.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. उडालेल्या राण्यांपैकीं फारच थोड्यांचा संसार उभा राहतो. बाकीच्यांना कावळे, चिमण्या, पाली, कोळी आणि दुसऱ्या मुंग्या खाऊन टाकतात. शहरांत तर मोटारींचीं चाकें आणि माणसांच्या चपला आहेतच. मग जी बहुधा मरणारच होती तिला वांचवून घरीं नेलें यांत नीतीचा प्रश्न येतोच कोठें? उलट हें तिच्यावर उपकार झाले! या युक्तिवादानें आपण आणखी कोणकोणत्या गोष्टी सहज समर्थिल्या आहेत, याची आठवण ठेवावी. दुष्काळांत सांपडलेल्या कुटुंबाचें मूल ‘नाहींतरी मेलेंच असतें’ म्हणून घरकामाला आणणारे लोक होऊन गेले आहेत. एखादा जीव बहुधा मरेल हें खरें असलें तरी त्यावरून तो माझा ठरत नाहीं. संभवाचा हिशेब समुदायाचा असतो, आणि मीं उचललेली राणी समुदाय नव्हे. वांचणाऱ्या थोड्यांत कदाचित् तीच असती. तेव्हां या युक्तिवादानें इतकेंच सिद्ध होतें कीं एक राणी उचलल्यानें गल्लीचें नुकसान थोडें होतें. माझा हक्क त्यानें सिद्ध होत नाहीं.

मग हक्क येतो कोठून? आपल्याकडे ‘योगक्षेम’ असा एक जोडशब्द आहे. व्यवहारांत तो आपण चरितार्थाच्या अर्थीं वापरतों. पण त्याची फोड जुन्या भाष्यकारांनीं मोठी मार्मिक केली आहे. जें जवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. दोन शब्द एकत्र जखडले आहेत, हें मला महत्त्वाचें वाटतें. क्षेमाची तयारी नसतां केलेला योग ही नुसती झडप आहे. गल्लींतून उचललेल्या राणीवर मला आधीं कोणताच हक्क नव्हता. जो कांहीं येईल तो नंतर, दररोज थोडाथोडा, मीं तिचें राखलें त्या प्रमाणांत येईल. विकत घेतलेल्या वस्तूवर पैसे देतांच पुरा हक्क बसतो. पाळलेल्या जीवावर तो पुरा कधींच बसत नाहीं.

आणि मुंगीच्या बाबतींत या क्षेमाचें पहिलें कलम विलक्षण आहे: पाहूं नये. नळींत एका टोकाला पाणी, त्यापुढें कापसाचा बोळा, मध्यें राणी, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा कापूस. ही नळी अंधारांत, जेथें हादरा बसत नाहीं अशा जागीं ठेवून द्यावी आणि कित्येक दिवस तिला हात लावूं नये. वारंवार उजेडांत काढलेली राणी घाबरते आणि पुष्कळदां स्वतःचींच अंडीं खाऊन टाकते. ज्या कुतूहलानें तिला घरीं आणलें तेंच कुतूहल तिचा पहिला वैरी ठरतें. बाहेरच्या खोलींत दूरदर्शन चाललें आहे, खालीं गणपतीचे ढोल वाजत आहेत, आणि कपाटाच्या मागच्या अंगाला फडक्यांत गुंडाळलेल्या नळींत एक जीव अन्नावांचून आपल्या पहिल्या मुली वाढवीत आहे. पाळणाऱ्यानें या वेळीं करावयाचें काम म्हणजे कांहीं न करणें. जीव जवळ असावा आणि त्याच्यावर आपली सत्ता चालवूं नये, हें शिकविणारी शाळा घरांत इतक्या स्वस्तांत दुसरी मिळणार नाहीं.

निवडीचा प्रश्न आतां बराचसा सुटल्यासारखा आहे. हौशी मनुष्याची धांव दुर्मिळाकडे असते: मोठ्या डोक्याची, चमकत्या रंगाची, परदेशची मुंगी हवी. मी म्हणेन कीं आपल्या जिन्याखालीं जी आहे तीच घ्यावी. काळा मुंगळा मोठा, दिसावयास सोपा, साखरपाण्यावर आणि मेलेल्या झुरळावर तृप्त राहणारा; मुंबईंत तो उणा नाहीं. परकी जात आणली आणि एखादे दिवशीं नळी फुटली, तर काय होतें याचें उदाहरण आपल्या पायांखालींच आहे. अंगाला आग करणारी जी लाल मुंगी आपण आपलीच समजतों ती मूळची अमेरिकेंतली. सोळाव्या शतकांत स्पॅनिश व्यापारी गलबतांतून ती आशियांत उतरली आणि येथलीच होऊन बसली. स्थानिक जात घेण्यांत आणखी एक मोल आहे. पाळणाऱ्याला पुढें खरोखरच अशक्य झालें, तर ज्या झाडाच्या परिसरांतून राणी आली तेथेंच वसाहत नेऊन ठेवतां येते. तेथें दुसरें वारूळ असेल, लढाई होईल. हें सोडणें निर्दोष नव्हे. पण परतीची वाट अरुंद असली तरी ती असणें आणि मुळींच नसणें यांत अंतर आहे.

कोणी विचारील, इतका विचार करण्याइतकें मुंगीला सुखदुःख असतें काय? १९ एप्रिल २०२४ रोजीं न्यूयॉर्क येथें शास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ यांनीं एक घोषणापत्र काढलें. कीटकांनाही अनुभूति असण्याचा संभव खरा मानून चालावें आणि त्यांच्याविषयींचे निर्णय घेतांना तो ध्यानीं धरावा, असा त्याचा आशय. त्याच वर्षीं फ्लोरिडांतील मुंगळ्यांच्या एका जातीविषयीं प्रसिद्ध झालें कीं जखमी सोबतिणीचा पाय मांडीशीं दुखावला असेल तर तो कुरतडून वेगळा करतात आणि तिचा जीव वांचवितात. यावरून त्यांना आपल्यासारखें दुःख होतें असें सिद्ध झालें नाहीं. होत नाहीं असें म्हणणाऱ्याचा आत्मविश्वास मात्र कमी व्हावयास हवा. तथापि माझ्या मतें पाळण्याचें कर्तव्य या वादाच्या निकालावर सर्वस्वीं अवलंबून नाहीं. मरणाऱ्या वडिलांना दिलेला शब्द ते ऐकावयास नसतांही आपण पाळतों. शब्द घेणाऱ्याला कळतें कीं नाहीं यापेक्षां देणाऱ्यानें तो दिला आहे, हें तेथें निर्णायक असतें. नळीच्या तोंडाला कापूस लावला त्या क्षणीं तो दिला गेला.

आणखी एका धोक्याकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं, आणि तो मुंगीला नसून माणसाला आहे. काचेवरून खालीं पाहणाऱ्याला हळूहळू वरून पाहण्याची गोडी लागते. अनेक जीव, एक रांग, एकच काम. कोण मेलें आणि कोण जन्मलें यानें रांगेंत फरक पडत नाहीं. हीच दृष्टि माणसांवर वळण्यास वेळ लागत नाहीं. परळ-लालबागच्या गिरणगांवाला वारूळ म्हणण्याचा मोह आजवर पुष्कळांना झाला आहे: भोंगा झाला कीं रांग निघाली, भोंगा झाला कीं रांग परतली. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हां त्या रांगेंतल्या प्रत्येकाला घरभाडें होतें, कोंकणांत म्हातारी आई होती, आणि संपावर स्वतःचें निराळें मत होतें. वरून पाहणाऱ्याला यांतलें कांहीं दिसत नव्हतें. मुंग्या पाळून ही दृष्टि बळावणार असेल तर ती हौस न केलेली बरी. पण नीट पाळणाऱ्याचा अनुभव उलट व्हावा असें मला वाटतें. थोड्या दिवसांनीं त्याला रांग दिसेनाशी होते आणि एकेक मुंगी दिसूं लागते: ही नेहमीं पाण्याशीं असते, ही अळ्यांजवळून हालत नाहीं, हिचा एक पाय अधू आहे. ज्याला मुंग्यांतही एकेक वेगळी दिसूं लागली, त्याला माणसांचा जमाव म्हणजे नुसता जमाव वाटणार नाहीं.

भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ सालीं निघाला. गुजरातेंतल्या कांहीं पांजरपोळांत ‘जीवातखाना’ म्हणून एक निराळी खोली असे. घरांतल्या केरांतून आणि धान्यांतून निघालेले किडे तेथें नेऊन सोडीत आणि त्यांच्यासाठीं धान्य ठेवीत. त्या खोलींत कोणी डोकावत नसे. तेथें पाहण्यासारखें कांहीं नव्हतें आणि कोणाला कांहीं मिळावयाचेंही नव्हतें. या प्रथेची पुष्कळांनीं थट्टा केली आहे. मुंगी पाळूं इच्छिणाऱ्यानें ती करूं नये. आपल्या हौसेंतला ‘पाहण्याचा’ भाग वजा केला तर राखण्याचा भाग किती उरतो, हें त्यानें त्या अंधाऱ्या खोलीच्या मापानें स्वतःशींच मोजून पाहावें. कांहीं उरत असेल तर पावसाची वाट पाहावी, एकच राणी उचलावी, आणि ती जगेल तोंवर राखावी. कांहीं उरत नसेल तर भिंतीवरून जाणारी रांग कोणालाही फुकट पाहतां येते. चिमूटभर कणीक खालीं ठेवली तर ती आपल्या पायांशींही येते, आणि काम झालें कीं आपल्या घरीं निघून जाते.